कैलासहून परतल्यावर

प्रिय सुमेध,

परवा खालच्या मजल्यावरच्या आजी माझ्या पाया पडल्या. ऐंशीच्या पुढचं वय, गुडघे कामातून गेलेले. मी "अहो आजी, काय हे!" म्हणत मागे सरकतेय, तर त्या भिंतीचा आधार घेऊन वाकल्याच. म्हणे, तुझ्या पायांना कैलासाची धूळ लागलीय. आई मागे उभी राहून कृतार्थ चेहऱ्याने बघत होती. तेव्हापासून जो कोणी घरी येतो त्याला मी ठरलेली वाक्यं ऐकवते: दर्शन छान झालं, हवा चांगली मिळाली, आत्याला काही त्रास झाला नाही. सगळी खरी आहेत. उरलेलं तुला लिहिते, कारण तू सरळ 'काय वाटलं?' असं विचारलंस आणि फोनवर मला त्याचं उत्तर देता येईना.

मी गेले ती आत्याची जोडीदार म्हणून, हे तुला ठाऊक आहेच. 1981 साली सरकारी यात्रा पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून तिच्या डोक्यात कैलास होता. आधी नोकरी आडवी आली, मग मुलं, मग सासूबाईंचं आजारपण. सगळ्यातून मोकळी झाली तर 2020 मध्ये यात्राच बंद पडली. 2025 च्या उन्हाळ्यात ती परत सुरू झाली तेव्हा आत्या अटींच्या काठावर उभी: वय 70 पेक्षा जास्त चालत नाही, बीएमआय 25 च्या वर चालत नाही. वय तिच्या हातात नव्हतं, म्हणून तिने भात आणि साखर सोडली. अर्ज, संगणकीय सोडत, दिल्लीतल्या तपासण्या, लिपुलेख खिंडीमार्गे माणशी पावणेदोन लाखांच्या आसपास खर्च. माझाही खर्च तिनेच उचलला. माझ्या लेखी तो एक लांबलचक ट्रेक होता. तिच्या लेखी काय होतं ते तिने कधी बोलून दाखवलं नाही.

उत्तराखंडातलं टनकपूर, धारचुला, गुंजी हे सगळं आता गाडीने होतं. जुने यात्री जिथे दिवसेंदिवस चालत जात, तिथे आपण खिडकीला डोकं लावून पेंगत पोचतो. गुंजीला मात्र पुन्हा तपासणी असते, आणि आमच्या बॅचमधल्या एका काकांचा रक्तदाब तिथे खाली येईना. रात्रभर विश्रांती, गोळ्या, सकाळी परत मोजला, तरी तेच. डॉक्टर नाही म्हणाले. काका रडले नाहीत, भांडलेही नाहीत. सामानातून एक कापडी पिशवी काढून त्यांनी ती आत्याकडे दिली. आत घरच्या झाडाची वाळलेली बेलपानं आणि वहीच्या कागदावर लिहिलेली नावांची यादी. "सरोवरापाशी एवढं वाचा," म्हणाले. मग स्लीपिंग बॅगेची गुंडाळी नीट बसेना म्हणून ते बराच वेळ तिच्याशी झटत बसले. आम्ही निघालो तेव्हाही त्यांचं तेच चाललं होतं.

नाभीढांगहून ओम पर्वत, ज्याच्यावरच्या बर्फात ॐ दिसतो तो, दिसला नाही, ढग होते. पहाटे अंधारात लिपुलेखची चढण चढलो. खिंड ओलांडली की घड्याळ अडीच तास पुढे करायचं, कारण अख्ख्या चीनला बीजिंगची वेळ. त्यामुळे तिबेटमधल्या तकलाकोटला रात्री नऊ वाजता लख्ख ऊन असतं आणि जेवून झोपायचं कसं हेच कळत नाही. गाव मी कल्पनेत मातीच्या घरांचं ठरवून गेले होते. निघालं रुंद रस्त्यांचं, चौकाचौकांत कॅमेरे असलेलं. दलाई लामांचं चित्र, पुस्तक, मोबाइलमधला फोटोसुद्धा जवळ ठेवू नका, हे आम्हाला आधीच बजावलं होतं. आमच्यातल्या एकाने तरी तिबेटी गाइडला सहज विचारलंच, "तुम्हाला ते कधी दिसलेत का?" गाइड म्हणाला, उद्या हवा चांगली आहे. प्रश्न विचारणाऱ्याला हे उत्तर विनोदी वाटलं. मला त्या क्षणी बसमधून उतरून जावंसं वाटलं.

तकलाकोटहून कैलासाच्या पायथ्याच्या दारचेनला जाताना आधी राक्षसताल लागतो. इथे मी तुला एक गोष्ट सांगते, ती आईला सांगू नकोस. सबंध यात्रेत माझा श्वास जर कुठे अडकला असेल (उंचीमुळे नव्हे), तर तो राक्षसतालापाशी. रावणाने तपश्चर्या केली ते हे सरोवर. पाणी खारट, म्हणून पिऊ नका, शिवू नका, काठाला जाऊ नका. पलीकडे मानसरोवर, गोड्या पाण्याचं, देवांचं. दोघांना गंगा छू नावाचा एक ओढा जोडतो, म्हणजे भौगोलिकदृष्ट्या तरी त्यांचं पटतं. राक्षसतालाकाठी ना मंत्र, ना बाटल्या, ना कुणी हात जोडलेले. वारा आणि एक गडद निळा रंग, ज्याचा फोटो अजिबात येत नाही. मागे गुर्ला मांधाता, 7,694 मीटर, ज्याच्याकडे कुणी वळूनही बघत नव्हतं, कारण पुढे कैलास दिसायला लागला होता. लोक बसमध्ये उभे राहिले. घोषणा झाल्या. आत्या बसूनच राहिली, फक्त चष्मा पुसून परत घातला.

आता परिक्रमा. साधारण 52 किलोमीटर, तीन दिवस. यमद्वारातून निघायचं आणि मागे वळून बघायचं नाही, असा संकेत. पण निघण्याआधी घोड्यांचा कार्यक्रम असतो. घोडा कुणाचा आणि पोर्टर कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरतं, म्हणजे पंचक्रोशीतल्या सगळ्यांना पाळीने काम मिळावं. पद्धत उत्तम आहे. पण आमच्यातल्या काही जणांना मिळालेला घोडा लहान वाटला, काहींना पोर्टर म्हणून बाई नको होती. शिवाच्या दारात उभं राहून माणसं युआनवरून आणि घोड्याच्या उंचीवरून जे भांडली ते ऐकून मला लाज वाटली. त्यातले सगळ्यात मोठ्या आवाजाचे गृहस्थ एका कोवळ्या पोरावर हिंदीत खेकसत होते. त्याला हिंदीचा ओ की ठो कळत नव्हता. तो घोड्याचा पट्टा आवळत राहिला. यात्राभर मी या गृहस्थांवर राग धरणार होते. दुसऱ्या दिवशी चढावर एका बाईंची बोटं बधिर झाली तेव्हा याच माणसाने स्वतःचे हातमोजे काढून त्यांना घातले आणि पुढची सगळी वाट हात काखेत धरून चालला. म्हणजे रागही धड धरता येत नाही!

पहिल्या मुक्कामी, दिरापुकला, कैलासाचं उत्तर मुख अगदी समोर असतं. जगातल्या सगळ्या कॅलेंडरांवर असतं तसंच, फक्त मोठं. इथे मला काहीतरी वाटायला हवं होतं. मला डोकं दुखत होतं. शेजारी कुणीतरी स्पीकरवर स्तोत्र लावलं होतं, तेही मधूनमधून तुटत होतं. स्वच्छतागृहांबद्दल लिहीत नाही, तू जेवता जेवता वाचत असशील. आत्या दगडावर बसून शिखराकडे बघत होती. मी जाऊन बसले, म्हटलं आता ही काहीतरी बोलेल. बऱ्याच वेळाने म्हणाली, "थंडी वाजतेय ग, आत जाऊ." त्या वाक्याचा मला इतका आधार वाटला की काय सांगू.

दुसरा दिवस डोल्मा पासचा. 5,630 मीटर. हवेत प्राणवायू आपल्या सवयीच्या निम्मा. वीस पावलं टाकायची, काठीवर रेलायचं, परत वीस. या वाटेवर मला ती भेटली. भेटली म्हणजे काय, माझ्या पुढे होती. माझ्याच वयाची तिबेटी मुलगी, अंगावर जाड कातड्याचं ॲप्रन, हातांत लाकडी फळ्या. हात डोक्यावर जोडायचे, कपाळाशी, छातीशी, मग जमिनीवर सबंध आडवं व्हायचं. फळ्या खडीवर घासत पुढे जातात, खर्र असा आवाज होतो. उठायचं, जिथे हात पोचले होते तिथवर चालायचं, परत आडवं. अशी पूर्ण परिक्रमा करायला काही आठवडे लागतात. कपाळाच्या मधोमध मातीचा गोल आणि त्याखाली घट्टा. मी थांबून बघतेय तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तिने ज्या जागेवर होती तिथे एक दगड ठेवला, बाजूला सरकून बसली, हसत हसत पाचेक मिनिटं बोलली, फोन आत टाकला, दगडापाशी आली आणि परत आडवी झाली. एक इंचाचीही लबाडी नाही, आणि चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. आमच्याकडे एव्हाना 'आता आपला मोक्ष पक्का' या विषयावर चर्चा झडून गेली होती. सुमेध, मी देव मानते की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही, पण त्या मुलीचा मला हेवा वाटला.

आणि उलटे जाणारे! बोन या तिबेटच्या जुन्या धर्माचे लोक कैलासाला डावीकडून फेरी घालतात, म्हणजे आपल्या समोरून येतात. अशा एका जोडप्याला आमच्यातल्या एका काकांनी थांबवून, हातवारे करकरून सांगितलं, की बाबांनो, तुम्ही चुकीच्या दिशेने चाललाय. त्या म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं, मग तितक्याच काळजीने काकांच्या खांद्याला धरून त्यांना उलटं वळवलं. सगळे हसलो, काकाही. गाइडने मग गोष्ट सांगितली. मिलारेपा हा बौद्ध सिद्ध आणि नारो बोनचुंग हा बोन पुरोहित, यांची शिखरावर आधी कोण पोचतो अशी पैज लागली. बोनचुंग ढोलावर बसून उडत निघाला, मिलारेपा सूर्याच्या पहिल्या किरणावर बसून आधी पोचला. बोनचुंगचा ढोल हातून निसटून घरंगळला, त्याची खूण म्हणजे दक्षिण बाजूची ती उभी चीर. आम्हाला ती चीर म्हणजे शिवाची शिडी असं सांगितलं होतं. आमच्या बॅचमधल्या जैन जोडप्याला हाच डोंगर अष्टापद, ऋषभदेवांचं निर्वाणस्थान. 'हर हर महादेव' सुरू झालं की ती दोघं हात जोडत आणि मग आपली माळ पुढे चालवत. हे सगळं एका वाटेवर सुखाने चालतं, यावर मी एक छानसा परिच्छेद मनात रचलाही होता. पण वाटेवरचे तिन्ही गोम्पे, म्हणजे बौद्ध मठ, चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत पाडले गेले आणि नंतर पुन्हा बांधले, हे कळल्यावर तो परिच्छेद बारगळला. ज्यांच्या अंगणात हा डोंगर आहे ते त्याबद्दल काय बोलू शकतात, आणि आपण परदेशी लोक तिथे 'आमचा कैलास' म्हणून काय काय बोलतो!

पासवर डोल्मा देवीचा मोठा दगड पताकांखाली जवळजवळ दिसेनासा झालेला. लोक त्यावर लोण्याचे गोळे चिकटवतात, केस ठेवतात, आणि पताकांचे कागद हवेत उडवून ओरडतात. आम्हाला तिथे थांबू देत नाहीत, हवा केव्हाही फिरते. आत्याने दगडाला हात लावला आणि उतरायला लागली. गौरीकुंड वरूनच पाहिलं, खाली हिरवट पाण्याचं. उतार मात्र गुडघ्यांचा जीव घेणारा. दुसऱ्या मुक्कामी, झुथुलपुकला, मी मेल्यासारखी झोपले.

मानसरोवरात आता उतरू देत नाहीत. बादलीने पाणी काढायचं आणि काठापासून दूर अंघोळ करायची. यावर फार कुरकूर झाली, काहींनी गाइडची मनधरणीही केली. मला नियम पटला, एवढ्या माणसांचा साबण त्या पाण्यात जाण्यापेक्षा बरं. बादली अंगावर घेतली तेव्हा मेंदूपर्यंत कळ गेली. आत्याने केस कोरडे केले, शाल घेतली आणि गुंजीच्या काकांची ती यादी काढली. मला वाटलं होतं पूर्वजांची नावं असतील. वाचायला लागली तर त्यात बायको होती, भाऊ होते, नातवंडं, दोन शेजारी, एक न्हावी, एक बँकेतला कारकून. सगळी बहुधा जिवंत माणसं. आत्या एकेक नाव स्पष्ट, हजेरीसारखं वाचत होती आणि मी बेलपानं धरून उभी होते. शेवटी त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि त्यावर काट मारली होती. आत्याने तेही वाचलं.

तर काय वाटलं, याचं उत्तर हे असं आहे. पुन्हा जाशील का म्हणशील, तर जाईन, पण या गर्दीबरोबर नाही. आणि एकट्याने तिथे जाता येत नाही, हेही आहेच.

आत्याने आल्या आल्या विचारून घेतलंय, पुढच्या वर्षी सिक्कीममधल्या नथू ला मार्गाने अर्ज करता येईल का. पहिल्यांदा जाणाऱ्यांना प्राधान्य असतं, त्यामुळे मी तूर्त निर्धास्त आहे. आईने मानसरोवराचं पाणी चमच्याने वाटून जवळपास संपवलंय. तुझ्या बाबांसाठी एक छोटी बाटली मी कपाटात लपवून ठेवलीय, ती या रविवारी येऊन घेऊन जा. फोटो मोठे आहेत, येताना पेनड्राइव्ह आण. आणि माझा टॉर्च तुझ्याकडे मागच्या वर्षीपासून आहे, तोही.

तुझी,
मुक्ता