आधी कल्चर, मग अँटिबायोटिक

मा. संपादक,

वडिलांच्या लघवीच्या कल्चरचा (नमुन्यातला जंतू वाढवून त्याला कोणते औषध लागू पडते ते पाहणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट हाती आला, तेव्हा त्यावर चौदा औषधांची नावे होती आणि अकरांपुढे ‘आर’ छापलेला होता. आर म्हणजे रेझिस्टंट, त्या जंतूला ते औषध लागू पडत नाही. उरलेली तिन्ही औषधे फक्त शिरेतून देण्याची. लघवीच्या साध्या संसर्गापायी वडिलांनी हाताला सुई लावून दहा दिवस काढले. बरे झाले, हे नशीब.

अँटिबायोटिक अशी निकामी होण्याच्या विषयावर रुग्णालाच उपदेश होतो : सर्दी-पडशाला अँटिबायोटिक मागू नका, उरलेल्या गोळ्या कुणाला देऊ नका. ते खरेच आहे. सर्दी विषाणूंमुळे होते, तिथे या गोळ्यांचा काडीचाही उपयोग नाही. उलट पोटातले औषधाला न जुमानणारे जिवाणू तेवढे तगतात, आणि हा गुण दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हा धोका सांगितला होता.

पण माझ्या वडिलांनी कधी मनाने गोळी घेतली नाही की चुकवली नाही. असा जंतू न धुतलेल्या हातांवरून, लघवीच्या नळीवरूनही येतो. मग नळी लावल्यावर ‘आज ती काढता येईल का?’ हा प्रश्न रोज का विचारला जात नाही? पहिला डोस देण्याआधी कल्चरचा नमुना का घेतला जात नाही? रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. रुग्ण गंभीर असेल तर तोवर अंदाजाने औषध द्यावेच लागते, हे मान्य. पण रिपोर्ट आल्यावर तो पाहून औषध बदलायला हवे. आमच्याकडे तो दीड दिवस फाइलमध्ये पडून होता आणि न चालणारे औषध सुरूच होते. हे आठवले की आजही जीव तुटतो.

२०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गांमुळे झाल्याचा अंदाज आहे. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, अपुऱ्या दिवसांच्या बाळांची शुश्रूषा, सगळे अँटिबायोटिकच्याच भरवशावर चालते.

वडिलांचा तो रिपोर्ट मी फाइलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवला आहे. नवे डॉक्टर भेटले की आधी तोच पुढे करतो.

– एक वाचक