मिरजेच्या चाचांना, एका गिटारवाल्याकडून

चाचा, सलाम.

समोर आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलून चहा मागवता, म्हणून लिहूनच पाठवतोय. पत्र उघडं ठेवलंय, कारण घरी गिटार बनवणाऱ्या माझ्यासारख्या बऱ्याच जणांचं घोडं पॉलिशपाशीच अडतं. त्यांनीही हे वाचावं.

आम्ही ज्याला मोठ्या आदराने फ्रेंच पॉलिश म्हणतो, म्हणजे बोळ्याने घासून चढवलेली लाख, ते तुमच्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या तंबोऱ्यांवर चढतंय. तोच चपडा (लाखेच्या पातळ पापड्या), तेच स्पिरिट, तोच कापसाचा बोळा. एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये अंतोनियो दे तोरेसने घडवलेल्या गिटारींवरही लाखच होती, आणि युरोपला लाख पुरवायचा तो मुख्यतः हिंदुस्थानच. आजही झारखंड-छत्तीसगडात पळस, बोर आणि कुसुंबाच्या फांद्यांवर लाखेचा किडा पोसला जातो. कुसुंबावरची लाख रंगाला फिकी, म्हणून गिटारच्या पांढुरक्या स्प्रूस लाकडासाठी तीच घे, हे तुम्हीच सांगितलंत. मी तर चपडा परदेशातून मागवायच्या बेतात होतो!

पण खरे आभार बोळ्याचे. आत कापूस, वर कित्येकदा धुतलेलं सुती कापड, तळाला एकही चुणी नको. अर्धा लिटर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास चपडा, एवढंच मोजमाप तुम्ही दिलंत. बाकी सगळं तळहातावर. बोळा दाबला की हाताला गार ओल लागली पाहिजे, थेंब दिसता कामा नये. फळीवर टेकतानाही तो चालता हवा आणि उचलतानाही. मध्येच थांबला तर त्यातलं स्पिरिट खालचा थर विरघळवतं आणि कापडाचा ठसा उमटतो. (याच गुणामुळे जुन्या तंबोऱ्यावरचा ओरखडा तुम्ही असा मिटवता की जागा सापडत नाही. नवी लाख जुनीत मिसळून जाते. हल्लीच्या पॉलियुरेथेनवर हे करून दाखवा म्हणावं.)

बोळा ओढायला लागला की बोटाच्या टोकावर तेलाचा एक थेंब. मग बोळ्यामागे काचेवर फुंकर मारल्यासारखा पुसट ढग धावतो आणि लगेच विरतो. तो ढग दिसतोय तोवर काम बरोबर चाललंय, ही खूण मला कुठल्याच व्हिडिओने इतकी नीट दाखवली नव्हती. शेवटी नुसत्या स्पिरिटच्या जवळजवळ कोरड्या बोळ्याने ते तेल ओढून काढायचं. घाई केली तर तेल आतच अडकतं आणि काही आठवड्यांनी चकाकी धुरकट होते.

मला वाटायचं, गुळगुळीतपणा म्हणजे थरावर थर. तुम्ही तबलीवर (तंबोऱ्याच्या पुढच्या लाकडी फळीवर) मात्र भोपळ्यापेक्षा कितीतरी कमी हात मारत होता. विचारलं तर तंबोरा छेडून दाखवलात, बोलला काहीच नाहीत. गिटारची पुढची फळी दोन-अडीच मिलिमीटरची; तिच्यावर जाड कवच चढलं की लाकडाचं हलणंच दबतं. शिसवीच्या पाठीची छिद्रं आधी प्युमिसने (ज्वालामुखी दगडाच्या बारीक पुडीने) भरून घेतली, तर वर लाख लागते तरी किती?

आणि पावसाळा! पॉलिश पांढुरकं का पडतं, यावर आम्ही किती तर्क लढवले होते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली ओल धरते, ती लाखेत अडकते. तुमचा उपाय सोपा: बाहेर धार लागली असेल तर तबलीला हात लावायचा नाही, आणि स्पिरिटच्या डब्याचं झाकण उघडं ठेवायचं नाही, कारण तेही हवेतली ओल पितं. शिवाय विरघळवून महिनोन्‌महिने ठेवलेला चपडा आधी काचेवर लावून बघायचा. दुसऱ्या दिवशीही त्यात नख रुतत असेल तर तो फेकायचा. कितीही महाग असला तरी.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरांत भोपळ्यावर लिहून आलं, जवारीवर, म्हणजे तारांना गुंजारव देणाऱ्या घोडीच्या घडणीवर, लिहून आलं. पॉलिशवर ओळही नव्हती. मला राग आला होता, तुम्ही हसलात.

गिऱ्हाईक ताटकळत असतानाही माझ्या हातातला बोळा काढून पुन्हा नीट बांधून दिलात, ते माझ्या लक्षात आहे.

आता एक अडचण. नव्या गिटारला शिसवीच्या कडेने मेपलची पांढरी पट्टी बसवली आहे. स्पिरिट लागलं की शिसवीचा जांभळट रंग सुटून पट्टीवर ओघळतो. पट्टीवर आधी बारीक ब्रशने लाख मारून ती बंद करावी, असं मला वाटतं. तुम्ही तंबोऱ्याच्या पांढऱ्या नक्षीला काय करता? दिवाळीनंतर गिटार घेऊनच येतो. तोवर पाठीला हात लावत नाही.

तुमचा,
गिटारवाला