अपमान करणाऱ्यांना श्रेय देऊ नका

संपादक साहेब, नमस्कार.

मी अमळनेरचा, मोटारी भरायचं काम करतो. म्हणजे विहिरीवरच्या, बोअरमधल्या मोटारी जळाल्या की त्यांचं वाइंडिंग, म्हणजे आतले तारेचे वेढे, नव्याने भरायचे. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितोय, तेही मोबाईलवर, तेव्हा शुद्धलेखन तुम्ही सांभाळून घ्या.

निकालाचे दिवस आले की तुमच्या आणि सगळ्याच पेपरांत यशोगाथा येतात. मी त्या आवडीने वाचतो, काही कापून पण ठेवल्यात. पण त्यात दर दोन-तीन बातम्यांमागे एक वाक्य ठरलेलं असतं, नातेवाईकांनी हिणवलं आणि मग तो पेटून उठला. मला त्या वाक्याचं आधी काही वाटायचं नाही. गेल्या महिन्यात शेजाऱ्यांबरोबर एका क्लासच्या पालक सभेला गेलो, तिथं बोलणाऱ्याने सरळ सांगितलं की पोरांना टोचत राहा, दुसऱ्याच्या पोराचे मार्क त्याच्या तोंडावर मारा, अपमान झाल्याशिवाय माणूस पेटत नाही, सगळ्या मोठ्या लोकांचं असंच झालंय. आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. माझ्या शेजाऱ्यानेही वाजवल्या, आणि त्याचा पोरगा त्याच्या बाजूलाच मान खाली घालून बसला होता. ते डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र.

मी स्वतः अपमानातून वर आलेला माणूस आहे, म्हणून या विषयावर बोलायचा मला थोडा तरी हक्क आहे असं वाटतं. 1994 ला दहावीत गणित आणि इंग्रजीत उडालो. निकालानंतर आठ दिवसांत घरातलंच लग्न होतं, पंगतीत वरण-बट्टी वाढत होतो, तेव्हा नात्यातल्या एका काकाने चाळीस-पन्नास लोकांसमोर म्हटलं, "हाऊ पोऱ्या काही कामना नही, याले ढोरं चाराले धाडा." लोक हसले. माझ्या हातात वांग्याच्या भाजीची बादली होती, ती तशीच खाली ठेवून मी घरी निघून आलो आणि रात्रभर घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, पडून राहिलो, झोप काही लागली नाही.

आता यशोगाथेत असं येतं की दुसऱ्या दिवसापासून तो जिद्दीने कामाला लागला. माझं तसं काहीच झालं नाही. पुढचे दोन महिने मी आईशी भांडत होतो, एकदा जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं, लहान भावाला कारण नसताना मारलं. राग काकाचा होता आणि निघत होता घरच्यांवर, कारण घरचे समोर होते आणि काका नव्हता. हे कोणी पेपरात छापत नाही, पण बहुतेक घरांत हेच होत असणार, मला तर खात्री आहे.

शेवटी धुळ्याला एका वाइंडिंगच्या दुकानात हेल्पर म्हणून लागलो. तिथले मिस्तरी फार कमी बोलायचे. मी कसला पोरगा आहे, डोक्यात काय घेऊन फिरतोय, हे त्यांनी चार दिवसांत ओळखलं असावं, कारण जळालेल्या मोटारी खोलायचं काम त्यांनी मलाच दिलं. जळालेलं वाइंडिंग काढायचं म्हणजे छिन्नी-हातोडीने कॉइलची टोकं तोडायची आणि वार्निशने दगडासारखी झालेली तार स्लॉटमधून उपसून काढायची, हात सोलून निघतात. मी प्रत्येक घावाला काकाचा चेहरा समोर आणायचो आणि दिवसाला इतरांपेक्षा जास्त मोटारी खोलायचो. मिस्तरी खुश, मीही खुश.

मग सहा-सात महिन्यांनी त्यांनी मला नवीन कॉइल भरायला बसवलं आणि पहिल्याच मोटारीत मी टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोजायला चुकलो. दुसरीत तारेवरचं इनॅमल, म्हणजे वरचा लेप, खरवडलं, टेस्टिंगला शॉर्ट आली. तिसऱ्यांदा मिस्तरींनी तार हातातून काढून घेतली आणि म्हणाले, तोडायला राग चालतो रे भाऊ, भरायला चालत नाही, जा आधी चहा पिऊन ये. तीस वर्षं होत आली या गोष्टीला, पण याच्याहून कामाचं मला कोणी काही शिकवलं नाही.

माझी मुलगी आता सायकॉलॉजी शिकते, तिला हे सांगितलं तर म्हणाली पप्पा हे तर आमच्या पुस्तकात आहे. 1908 साली यर्क्स आणि डॉडसन नावाच्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले होते, उंदरांना दोन पेट्यांमधली बरोबर पेटी ओळखायला शिकवायचं आणि चुकले की शॉक द्यायचा. ओळख सोपी असेल तर जोराच्या शॉकने उंदीर लवकर शिकले, पण ओळख अवघड केली तर मध्यम शॉक बरा पडला, जोराच्या शॉकने उलट जास्त वेळ लागला. म्हणजे काम जितकं बारीक तितका डोक्यावरचा ताप कमी पाहिजे. आता बघा, नीटचा पेपर, एमपीएससीची पूर्वपरीक्षा, इंटरव्ह्यू, ही तोडायची कामं आहेत का भरायची?

मोटारीचंच अजून एक सांगतो कारण मला दुसऱ्या भाषेत नीट सांगता येत नाही. थ्री फेज मोटार डायरेक्ट चालू केली की सुरुवातीच्या काही सेकंदांत ती नेहमीपेक्षा पाच ते सात पट करंट ओढते. मोटार सुरू करताना झोपडीतला बल्ब क्षणभर मंद होतो तो त्याच्यामुळेच. थांबलेला रोटर, म्हणजे मोटारीचा आतला फिरणारा भाग, हलवायचा तर ते लागतंच. पण मोटारीने स्पीड घेतला की करंट आपोआप खाली येतो. आणि पंपात गाळ बसला, बेअरिंग जाम झालं, तर मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही, करंट तेवढाच खात राहते आणि मिनिटभरात वाइंडिंग काळं पडतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मोटारी अशाच जळालेल्या असतात. अपमान, राग, हेवा, भीती, या सगळ्याचं मला तसंच वाटतं. उठायला उपयोग आहे, नाही कसा, मी स्वतः त्याच्यावरच उठलो. पण पोरगा जाम झालेला असेल आणि बाप वरून अजून करंट देत असेल तर काय होणार ते मला दुकानात रोज दिसतं.

आमच्या अमळनेरचंच मोठं उदाहरण लोक देतात. 1945 ला इथं वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिचीच पुढे विप्रो झाली. 1966 ला वडील अचानक गेले तेव्हा अझीम प्रेमजी 21 वर्षांचे होते, अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होते, ते सोडून परत आले. आणि सुरुवातीच्याच सर्वसाधारण सभेत एका शेअरहोल्डरने त्यांना सुनावलं की तुम्हाला हे जमायचं नाही, शेअर विकून टाका आणि कंपनी अनुभवी माणसांच्या हाती द्या. त्याने माझी जिद्द वाढली असं प्रेमजींनी नंतर स्वतः सांगितलंय. मी ते नाकारत नाही. पण एका सभेतलं बोलणं माणसाला किती वर्षं पुरेल? रोज सकाळी उठून तेलाचा भाव, साबणाचा खप, कामगारांचे पगार बघायचे तर त्याला कामाचीच गोडी लागते, त्या शेअरहोल्डरची आठवण काढून ते होत नाही.

दुसरं उदाहरण डॉ. राजेंद्र भारूड यांचं, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, नंदुरबारला कलेक्टर होते आणि कोरोनात तिथं ऑक्सिजनचे प्लांट उभे केले ते. जन्माआधीच वडील गेलेले, आई मोहाची दारू विकून घर चालवायची. दारू प्यायला येणाऱ्या एकाने अभ्यासावरून टोमणा मारला तो लागला, हे त्यांनीच सांगितलंय. पण त्याच गोष्टीत आई आहे, पोरगा शिकेल म्हणून त्याच्या बाजूने उभी राहिलेली. आपण सांगताना टोमणा लक्षात ठेवतो आणि आई विसरतो. टोमणे तर गावागावात लाखो पोरांना बसतात हो, सगळे कुठे कलेक्टर होतात. फरक टोमण्याने पडला असता तर आपला अख्खा खानदेश आयएएस झाला असता.

माझ्याही बाबतीत तेच होतं. धुळ्याहून पहिल्या महिन्यात पळून आलो होतो, तेव्हा आईने एका शब्दाने विचारलं नाही, कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि म्हणाली, "तू कर, मी शे ना." म्हणजे मी आहे ना. बस्स एवढंच. त्यावर मी पुढची सहा वर्षं काढली.

2001 ला अमळनेरला स्वतःचं दुकान टाकलं. पूजेला काकाला मुद्दाम जाऊन आमंत्रण दिलं, सात वर्षं त्या एका दिवसासाठी मनात सगळं ठरवून ठेवलं होतं, काय बोलायचं ते सुद्धा. काका आला, पेढा खाल्ला, दुकान बघून छान म्हणाला. मी त्याला लग्नातली पंगत आठवून दिली तर त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. खोटं बोलत नव्हता, खरंच आठवत नव्हतं. त्या रात्री मला इतकं रिकामं रिकामं वाटलं की सांगता येत नाही, जसा काही कोणी मागून आधार काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक शेतकरी बैलगाडीत पाच एचपीची मोटार घालून आला, कपाशीला पाणी द्यायचं होतं, संध्याकाळपर्यंत पाहिजे म्हणाला, आणि मी बसलो. काकाची आठवण न काढता भरलेली ती बहुतेक पहिली मोटार असेल.

तर माझं म्हणणं असं आहे साहेब, की वाईट भावना आली तर ती वाया घालवू नये हे शंभर टक्के खरं. हेवा वाटला तर समोरच्याने नक्की काय केलं, किती वाजता उठला, कुठून शिकला ते बघावं. भीती वाटली तर तयारी कुठं कच्ची आहे ते तीच सांगत असते. माझी मुलगी म्हणते जे वाटतंय त्याला नाव दिलं, कागदावर उतरवलं तरी जोर कमी होतो, मी आता दुकानाच्या वहीत मागच्या पानावर लिहितो आणि मला खरंच फरक पडला. पण आपल्यावर आलेली आग वापरणं वेगळं आणि दुसऱ्याच्या घराला मुद्दाम काडी लावून म्हणणं की बघ तुला ऊब दिली, हे वेगळं. ज्याने हिणवलं त्याचं यशात काही नाही, तो फक्त हिणवून गेला. पेपरवाल्यांनी यशोगाथेत त्याला एक ओळ द्यावी हवं तर, पण मग जागरणाला चहा करणारी बहीण, फी भरायला गाय विकणारा बाप, उधारीवर पुस्तकं देणारा दुकानदार, यांना दहा ओळी द्या.

आणि पोरगं नुसतं गुणगुणतंय, फिरत नाहीये असं दिसलं, म्हणजे बोलत नाही, जेवत नाही, पुस्तक उघडून एकाच पानावर बसलंय, तर वरून टोचू नका. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर निकालाच्या दिवशी पहिल्या पानावर छापा ही माझी हात जोडून विनंती.

शेजाऱ्याच्या त्या पोराचं सांगायचं राहिलं. सभेनंतर त्याने दहा-बारा दिवस घरात कोणाशी बोलणं सोडलं होतं. मग त्याचा बाप एक दिवस दुकानात येऊन बसला, बराच वेळ काही बोलला नाही, नंतर म्हणाला टाळ्या मीही वाजवल्या ना. मी म्हटलं पोराला पाठव संध्याकाळी, अभ्यास झाला की. आता रोज तासभर येतो. मी त्याला अभ्यासाचं काही विचारत नाही. परवा त्याने तीन एचपीच्या मोटारीचे टर्न मोजले, पहिल्यांदाच, एकही चुकला नाही.

आपला,
एक मोटार वाइंडर, अमळनेर, जि. जळगाव