शुक्रवारच्या सात मिस्ड कॉलचं उत्तर

अलिबाग, रविवार सकाळ

चि. छकुलीस,
पप्पांचा शालोम आणि अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोन चालू केला तर तुझे सात मिस्ड कॉल. त्यानंतर तू बोललीस ते सगळं मी ऐकून घेतलं. फोनवर मला पटापट उत्तरं सुचत नाहीत, तुला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र. काल रात्रीच लिहायला बसणार होतो, पण तुझी आई म्हणाली, आधी राग उतरू दे. कोणाचा ते तिने सांगितलं नाही.

आधी शुक्रवारी इथे काय झालं ते ऐक. रात्री नऊला शेजारच्या वहिनी दारात. हाताला कणीक तशीच. "अहो, पोरगी रडकुंडीला आलीय बंगळुरूत, फोन का उचलत नाही?" आम्ही दोघं जेवत होतो. वहिनींनी ताटात डोकावून तुला जो रिपोर्ट दिला, "दोघं धडधाकट आहेत, मटण चाललंय", तो आता आख्ख्या इस्रायल आळीत पोचलाय. चूक माझी आहे. गेल्या दिवाळीनंतर आम्ही शब्बाथ, म्हणजे आपला यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, नीट पाळायला लागलो; शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागला की शनिवारी रात्रीपर्यंत फोन बंद ठेवायला लागलो आणि हे तुला नीट सांगितलंच नाही. तू म्हणालीस, "इमर्जन्सी असती तर?" जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायचा, हाच नियम आहे. त्यात सूट मागावी लागत नाही. मोडणं हेच कर्तव्य. तेव्हा खरीच अडचण आली तर वहिनींनाच फोन कर, त्या दार वाजवतील. वाजवतात हे आता सिद्ध झालंय.

तुझा दुसरा वार मात्र बरोबर लागला. "तुम्ही स्वतः छत्तीस वर्षं शनिवारी ऑफिसला गेलात, आणि आता मला शिकवता?"

गेलो. १९७९ साली सरकारी कचेरीत लागलो, २०१५ साली निवृत्त झालो. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, बाकीचे शनिवार डबा घेऊन लोकल. सुरुवातीला एकदा धीर करून साहेबांना विचारलं होतं, रविवारी येऊन काम करतो, शनिवारी सोडा. ते हसले, म्हणाले, "देवाला वार बदलून मागा." वाईट माणूस नव्हता, पण ते हसणं मला लागलं आणि मी परत कधी विचारलं नाही. घरी शुक्रवारी दिवा लागायचा, किद्दूश, म्हणजे शरबताच्या पेल्यावरचा आशीर्वाद, व्हायचा, आणि सकाळी मी बूट घालून बाहेर. राज्य सरकारने पाच दिवसांचा आठवडा केला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. त्या दिवशी वारही शनिवारच होता. मी घरी बसून पाच वर्षं झाली होती! पेपर वाचून तुझी आई इतकी हसली की चहा सांडला.

शिकवत नाहीये मी. शिकवण्याचा हक्क माझ्या आजीला होता. तिच्याकडून ऐकलेलं तेवढं तुला देतो.

तिच्या सासऱ्यांचा, म्हणजे तुझ्या खापरपणजोबांचा, तेलाचा घाणा होता. कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणायचे. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, शनिवारी ठेवणारे आपण. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, आपल्या पूर्वजांपैकी सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही आपली गोष्ट तू लहानपणी शंभरदा ऐकलीस. पोथ्या गेल्या, भाषा गेली, उरलं किती? शेमाची प्रार्थना, सुंता, खवले नसलेली मासळी न खाणं, आणि हा वार. आपण यहुदी आहोत हे गावाला ठाऊक नव्हतं, कित्येकांच्या मते आपल्यालाही नव्हतं. पण शनिवारी आपण घाणा ओढत नाही हे सगळ्यांना ठाऊक. लोकांना नाव पडतं ते करतात त्या कामावरून. आपल्याला पडलं ते न केलेल्या कामावरून. मला याची अजून गंमत वाटते.

आजी सांगायची, शुक्रवारी दुपारी ऊन कलायला लागलं की म्हातारा घाणा थांबवी. घाण्यात तीळ असला तरी. अर्धी पेंड निघालेली, तेल गळतंय, गिऱ्हाईक भांडं घेऊन उभं, तरी थांबवी. मग बैलाच्या डोळ्यांवरची झापडं काढी. आठवडाभर गोल फिरणारं ते जनावर पहिल्यांदा नुसतं उभं राहायचं. आजी म्हणायची, त्याला सुट्टी कळायला वेळ लागायचा. जू उतरवलं तरी चार पावलं गोलच टाकायचा.

गेल्या महिन्यात तू घरी आलीस तेव्हा मला तो बैल आठवला. रागावू नकोस. रविवारी दुपारी तू झोपाळ्यावर बसली होतीस, लॅपटॉप बंद, ऑन-कॉलची पाळी दुसऱ्या कुणाची, आणि तरी दर दोन-चार मिनिटांनी फोन उलटा करून बघत होतीस. काही आलेलं नसायचं. परत ठेवायचीस.

आपल्या धर्मग्रंथातल्या दहा आज्ञांत विश्रांती कुणाकुणाला द्यायची त्याची यादी आहे. मुलगा, मुलगी, चाकर, दासी, दारातला परका, आणि गुरंढोरं. दुसऱ्यांदा त्या आज्ञा येतात तिथे तर बैल नाव घेऊन आहे. आणि तिथे कारणही वेगळं दिलंय: तू मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होतास हे विसरू नकोस. गुलामाला सुट्टी घेता येत नाही. आपल्याच मुंबईत गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टीच नव्हती. जोतिरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली रविवार मिळवला. तुझ्या शनिवार-रविवारच्या मागे ती माणसं आहेत, हे तुमच्या एचआरवाल्यांना कुणी सांगत नसेल.

आता तुझा खरा प्रश्न. "दिवसभर करायचं काय? मी तर झोपून काढीन." झोप की. झोपेला मनाई नाही. मनाई आहे ती एकोणचाळीस कामांना: नांगरणं, पेरणं, दळणं, शिवणं, गाठ मारणं, लिहिणं, खोडणं, जाळ पेटवणं, विझवणं... कष्ट किती पडतात याचा हिशोब यात नाही. घरातल्या घरात जड खुर्ची इकडून तिकडे सरकवली तर चालते, आणि दोन अक्षरं लिहिलेली चालत नाहीत. मला हे तरुणपणी चमत्कारिक वाटायचं. आता वाटतं, ज्यांनी नियम घातले त्यांना थकव्याचं फारसं पडलेलं नव्हतं. जगात काही नवीन घडवायचं नाही, बदलायचं नाही, एवढंच. जसं आहे तसं एक दिवस राहू दे. घाण्यात तीळ असला तरी.

वीज गेल्याने किंवा नेटवर्क गेल्याने हे होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, बुधवार होता. शुक्रवारपर्यंत ना वीज, ना फोन, ना पाण्याचा पंप. म्हटलं, चला, आयताच शब्बाथ. कसला शब्बाथ! दर पाच मिनिटांनी मी बटण दाबून बघत होतो. अंगणात पडलेल्या माडाकडे बघून हिशोब करत होतो. तुझा नंबर लागतो का म्हणून गच्चीवर चढत होतो. आयुष्यातला सगळ्यात बेचैन शनिवार तो. स्वतःच्या हाताने बंद केलेलं दार आणि बाहेरून लागलेली कडी यांत फरक असतो.

तयारी मात्र लागते, आणि ती शुक्रवारी सकाळपासून. काळे मनुके धुऊन पाण्यात घालायचे, दुपारी कुस्करून गाळले की किद्दूशचं शरबत तयार. मटणाला नारळाचं दूध, आपल्याकडे मांसाबरोबर गाईचं चालत नाही म्हणून. हॉलचा दिवा मी टायमरवर टाकलाय, पंखा चालूच ठेवतो. टॉयलेटचा दिवा एकदा मी सवयीने बंद केला, परत लावायचा नाही म्हणून रात्रभर दोघं चाचपडत गेलो. तुझी आई अजून ऐकवते. शनिवारी दहा पुरुष जमले तर सिनेगॉगमध्ये, आपल्या प्रार्थनामंदिरात, पूर्ण तेफिला, म्हणजे प्रार्थना, होते. आजकाल जमतातच असं नाही. मग आपापली म्हणून घरी येतो. दुपारी समुद्रावर चालत जातो. खिशात पैसे नसतात म्हणून भेळ खाता येत नाही. तीन तारे दिसले की संपलं. पावसाळ्यात तारे कुठले, तेव्हा कॅलेंडरची वेळ धरायची. मग लवंग-दालचिनीचा वास घ्यायचा, मेणबत्ती पेटवायची, आणि फोन चालू करायचा. त्यात तुझे सात कॉल.

सगळं कर असं मी म्हणत नाही. छत्तीस वर्षं मीच केलं नाही. डिसेंबरात तुमच्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तुमची शुक्रवारची मीटिंग त्याच वेळी असते हेही तू सांगितलंस. दिवा सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी. एखाद्या शुक्रवारी जमलं तर बघ, नाही जमलं तर मला कळवायचंही कारण नाही. जमलं तरी साहेबाला "बरं वाटत नाही" असं सांगू नकोस. मी एकदा तसं सांगितलं होतं, आणि तो दिवस आजाऱ्यासारखाच गेला, खिडकीतून कोणी बघतंय का हे बघण्यात.

आजीचा दिव्याचा काचेचा ग्लास तुझ्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून उद्या कुरियर करतोय. तळाशी पाणी, वर बोटभर खोबरेल. वात तरंगायला बुचाची चकती लागते. जुनी कुजली, अलिबागेत शोधून मिळाली नाही. तिकडे बघ.

तुझे,
पप्पा

ता. क. आई विचारतेय, मनुके आहेत का घरी, की तेही पाठवू?