‘तोल जाऊन पडल्या’, म्हणे!

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

खान्देशातल्या एका वृद्धाश्रमात आजी पडल्या, खुबा मोडला, घरच्यांनी तक्रार केली. पंधरा दिवसांत सखोल चौकशी करू, असं आपण म्हणालात. परवा उत्तर आलं, दीड ओळीचं: ‘वयोमानामुळे तोल जाऊन पडल्या. तक्रार निकाली.’

सखोल म्हणजे काय ते आता आम्हीच सांगतो. आधी रात्रपाळीचा हजेरीपट ताब्यात घ्यायचा आणि पगारपत्रकाशी ताडायचा. पटावर सह्या चार आणि पगार एकीचाच, हे तिथेच उघडं पडतं. मग सीसीटीव्ही. बहुतेक ठिकाणी पंधरा-तीस दिवसांत जुन्या चित्रीकरणावर नवं चढतं. आपले साहेब महिन्याभराने, आधी फोन करून, सकाळी अकराला येतात. तेव्हा फरशी कोरडी असते, चहाही बरा मिळतो.

पहाटे चारला मोरीत जाऊन बघा. आमच्याकडे नळाला रोज पाणी नाही, म्हणून ड्रम भरलेला. मग्याने पाणी घेताना सांडतंच, खाली गुळगुळीत टाइल. भिंतीला दांडी आहे, पण टॉवेलची. भार दिला की स्क्रूसकट हातात येते.

गोळ्यांचा तक्ताही मागा. लघवीची गोळी रात्री दिली तर माणूस रात्रीच उठणार, त्यात झोपेची गोळी. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब 20 ने उतरत असेल तर भोवळ येऊ शकते. मे महिन्याच्या उन्हाळ्यात तर ही माणसं पाणीसुद्धा कमी पितात, कारण रात्री मोरीपर्यंत न्यायला कोणी नसतं.

किती वाजता पडल्या आणि किती वाजता सापडल्या, या दोन वेळा अहवालात आहेत का? पाय आखूड आणि पंजा बाहेर वळलेला दिसत असताना बखोटं धरून उभं केलं का? रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोक्याला लागलं, तर सीटी स्कॅन झालं का?

आता हिशेब. माणसं चाळीस, मावशी एक. प्रत्येकाला रात्री दोनदा नेलं, दर खेपेला दहा मिनिटं धरली, तर 800 मिनिटं होतात. बारा तासांची रात्र 720 मिनिटांची. वरची 80 मिनिटं कुठल्या बजेटमधून देताय?

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या 2007 च्या कायद्याचं कलम 19 म्हणतं, शासन प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम काढू ‘शकेल’. या ‘शकेल’वर किती सरकारं तरली! 2019 च्या दुरुस्ती विधेयकात अशा संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा होता; लोकसभेची मुदत संपली, विधेयकही संपलं. शेवभाजीच्या गाडीला अन्न खात्याची नोंदणी लागते, साहेब. चाळीस म्हाताऱ्यांच्या रात्रीला काय लागतं?

तक्रार पुन्हा उघडा. हजेरीपट, पगारपत्रक, गोळ्यांचा तक्ता आणि उरलं असेल तेवढं फुटेज याच आठवड्यात सील करा. आणि स्वतः या, पहाटे चारला, न कळवता. चप्पल मात्र न घसरणारी घाला.

आपले,
वृद्धसेवेत काम करणारे काही जण
जळगाव-धुळे