फुंकायला लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

दिवसभरात कितीतरी जण फुप्फुसांची ताकद मोजणाऱ्या तुमच्या यंत्रात फुंकून जातात, मी कदाचित तुम्हाला आठवणारही नाही. नाकाला चिमटा लावलेली, तिसऱ्या वेळी खोकून थांबलेली बाई ती मी. "सोडा, सोडा... अजून, अजून!" म्हणताना तुमचाच श्वास संपत आल्यासारखा वाटत होता. मग श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा पंप दिलात, 15 मिनिटं बसवलंत आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. एकदाही वैतागला नाहीत.

जिना चढताना लागणारी धाप मी दोन वर्षं वयावर ढकलली होती. एका दवाखान्यातही "वजन कमी करा" एवढंच ऐकलं होतं. पंप घेऊनही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण हवेच्या 70 टक्क्यांच्या आतच राहिली. डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा आजार, सांगितला आणि मी बाहेर येऊन रडले. आयुष्यात एक सिगारेट ओढली नाही, मग माझं चुकलं कुठे?

तुम्ही शेजारी बसलात, कागदावर एक टेकडी काढलीत. विशी-पंचविशीपर्यंत फुप्फुसांची ताकद चढत जाते, मग उतार सगळ्यांनाच. निरोगी माणसाचीही पहिल्या सेकंदाची हवा वर्षाला साधारण 25-30 मिलिलिटरने घटते. सिगारेटने, धुराने हा उतार आणखी खडा होतो. त्याखाली तुम्ही दुसरी, बुटकी टेकडी काढलीत. उतार पहिलीसारखाच, पण माथाच खाली, म्हणून जिथून धाप लागायला लागते ती रेघ लवकर गाठणारी. "जन्म वेळेवर झाला होता का?" असं विचारलंत. सातव्या महिन्यातला जन्म आणि लहानपणीचे दोन न्यूमोनिया, आई नेहमी सांगायची.

नंतर वाचलं, की 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सीओपीडीच्या जवळपास निम्म्या रुग्णांची फुप्फुसं चाळिशीच्या आधीच कमी ताकदीची होती. पण मनातली बोच त्याआधीच गेली होती, तुमच्या त्या कागदाने. त्याबद्दल मनापासून आभार.

कागद घरी मुलाला दाखवला. तो 24 वर्षांचा आहे. लहानपणी दमा होता, आणि वर्षभरापासून सिगारेट ओढतो. माथ्यावर बोट ठेवून तो बराच वेळ गप्प बसला. सोमवारी तपासणीला येतोय. त्यालाही तसंच "अजून, अजून" म्हणा.

तुमची,
एक रुग्ण