सूचना : एसएसबीचं कॉल लेटर आलेल्या सभासदांसाठी

सीडीएसची (सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीची) लेखी परीक्षा पास होऊन एसएसबीचं, म्हणजे त्यापुढच्या निवड मंडळाच्या मुलाखतीचं, बोलावणं आलेल्यांसाठी रविवारी सकाळी ७ वाजता नेहमीच्या हॉलवर सराव ठेवला आहे. पेन, कोरे कागद आणि साधं घड्याळ घेऊन या.

चाळणी पहिल्याच दिवशी लागते आणि बरेच जण तिथूनच परत फिरतात. म्हणून रविवारचा बहुतेक वेळ चाळणीतल्या पीपीडीटीलाच, म्हणजे चित्र पाहून गोष्ट लिहायच्या आणि गटात चर्चा करायच्या चाचणीला. धूसर चित्र ३० सेकंद दिसतं, गोष्ट लिहायला ४ मिनिटं. मग गटात प्रत्येकाने आपली गोष्ट सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक ठरवायची. आवाज चढवला की बाजी मारली, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. दुसऱ्याचा मुद्दा उचलून पुढे नेणारा जास्त उठून दिसतो. (क्लासमधल्या तयार गोष्टी पाठ करून येऊ नका, समोरच्यांना त्या लगेच ओळखू येतात.)

शब्दांच्या चाचणीत ६० शब्द, प्रत्येक शब्दावर १५ सेकंदांत एक वाक्य लिहायचं. हा सराव घरीच करा.

ज्यांची तारीख लांब आहे, त्यांनी नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रातल्या मोफत एसएसबी वर्गाबद्दल जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाकावं. मूळ प्रमाणपत्रंही दाखवायला आणा.